गुंडूअण्णांचा न पडण्याचा दिवस

शिवाजी पेठेत गुंडूअण्णांचं घर विचारलं तर कोणी सरळ पत्ता सांगत नाही. माणूस आधी हसतो, मग पाय घसरल्यासारखं करून दाखवतो, आणि मग कुठे तालमीच्या मागच्या बोळाकडे बोट करतो. शालूबाईंना याचा मनस्वी राग येतो. पाव्हणे दारात पोचतात तेव्हा ते हसू त्यांच्या तोंडाला चिकटलेलं असतं, आणि शालूबाईंनी कितीही गंभीर चेहऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला तरी ते सुटत नाही.

गुंडूअण्णा म्हणजे शालूबाईंचा नवरा. वय पन्नाशीच्या पुढे, अंग काडीसारखं, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. मोबाइलवर दिसणाऱ्या बिनआवाजाच्या विनोदी रीलमध्ये पडणं हा त्यांचा व्यवसाय. ते तालमीच्या लाल मातीत पडले आहेत, गुऱ्हाळाच्या चिपाडात पडले आहेत, मंडपवाल्याच्या कनातीत गुंडाळून पडले आहेत, आणि एकदा फुटबॉलच्या गोलमध्ये बॉलच्या ऐवजी स्वतःच जाऊन पडले आहेत. पडताना, उठताना तोंडातून एक अक्षर काढत नाहीत. त्यामुळे पुष्कळ लोकांचा समज आहे की हा माणूस मुका असावा.

बोळातल्या लोकांचा असा काही समज नाही. गुंडूअण्णांच्या गळ्याला दोनच पायऱ्या आहेत, एक बंद आणि एक पूर्ण चालू. सकाळी ते शालूबाईंना चहात साखर कमी आहे म्हणून सांगतात तेव्हा समोरच्या घरातली बाई आपल्या चहात साखर घालते.

हे सगळं इचलकरंजीचं देणं. मिसरूड फुटायच्या आधीपासून गुंडूअण्णा तिथे मागावर होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये खडखडाट असा की शेजारच्यानं कानाला तोंड लावून बोंब मारली तरी नुसता वारा लागल्यासारखं वाटतं. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. सुताची कांडी संपली, धागा तुटला, मालक आला, चहा आला, मालक येऊन आपला चहा पिऊन गेला, सगळ्याला खूण आहे. गुंडूअण्णा त्या भाषेतले कीर्तनकार होते. मालकाच्या सासूची गोष्ट त्यांनी सुरू केली की या टोकापासून त्या टोकापर्यंतचे कामगार हसता हसता वाकायचे, धागे तुटायचे आणि कापडाला भोकं पडायची. मालकानं वैतागून त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं राहायला लागेल असा कोपऱ्यातला माग दिला. मग ते पाठमोऱ्यानं गोष्ट सांगायला लागले. ती जास्तच हसवायची.

शालूबाई त्याच शेडला लागून असलेल्या खोलीत कांड्या भरायला होत्या. मधल्या खिडकीतून त्यांना गुंडूअण्णांचे हात दिसायचे. काय हात होते. 'जेवलीस का' एवढंच विचारायचं तर हवेत भाकरी मोडायचे, आमटीत बुडवायचे, मिरचीनं डोळ्यात पाणी आणायचे आणि मग भुवई वर करायचे. शालूबाईंनी त्या हातांशी लग्न केलं. माणसाचा आवाज त्यांनी खऱ्या अर्थानं ऐकला तो थेट मांडवात, नाव घ्यायच्या वेळी. दोन तान्ही पोरं दचकून रडायला लागली आणि बँडवाल्याला वाटलं आपल्याला थांबायला सांगितलं. संसाराचा पहिला महिना शालूबाईंना वाटायचं नवरा रोज भांडतोय. तो वांग्याच्या भाजीचं कौतुक करत होता.

पुढे मालकानं माग भंगारात काढले आणि नवरा-बायको पोरीला घेऊन कोल्हापूरला आले. शालूबाईंनी भाकऱ्यांचं काम सुरू केलं. चुलीवरच्या पातळ ज्वारीच्या भाकऱ्या, खानावळींना सकाळ-संध्याकाळ. पोचवायचं काम गुंडूअण्णांचं, वेताची बुट्टी डोक्यावर घेऊन. घराच्या खालीच अमरसिंहचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. एक दिवस तो कुणाच्या तरी फोनचा कॅमेरा चालतो का बघायला दारात उभा राहून चित्रण करत होता. फोनचा माइक जळालेला होता. तेवढ्यात गुंडूअण्णा बुट्टी घेऊन आले आणि धार काढायला आणलेल्या म्हशीनं नुकत्याच केलेल्या उद्योगावर त्यांचा पाय पडला. ते लगेच पडले नाहीत. बोळभर नाचत, भिंतीला, सायकलला, म्हशीला धरत धरत, बुट्टी एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत गेले आणि शेवटी शेणात मांडी घालून बसले. बुट्टी डोक्यावर जशीच्या तशी. म्हैस वळून त्यांच्याकडे बघत होती. अमरसिंहनं ते रील म्हणून टाकलं आणि संध्याकाळपर्यंत लोकांनी बघून बघून त्याचा फोन गरम केला.

तिथून पुढे गुंडूअण्णा पडतच राहिले. अमरसिंहनं एकदा मागे गाणं घालून बघितलं तर लोकांनी शिव्या घातल्या. इचलकरंजीतले ओडिशाचे, बिहारचे कामगारसुद्धा ती रीलं बघायचे, आणि त्यांना इतरांपेक्षा जास्त हसू यायचं. कारण पडता पडता गुंडूअण्णा हातांनी जुन्या मालकाबद्दल काय बोलतात ते फक्त मागावरच्या माणसालाच कळायचं. यात्रांना, गणेश मंडळांना, दुकानांच्या उद्घाटनांना बोलावणी यायला लागली. फीत कापायची आणि तिच्यात अडकून पडायचं. घरात मिक्सर आला, फ्रिज आला. शालूबाईंनी फ्रिज ठेवून घेतला, पण रीलं कधी कौतुकानं बघितली नाहीत. एवढे हुशार हात, आणि लोक त्यांचं ढुंगण आपटलेलं बघायला पैसे देतात, हे त्यांच्या मनाला लागायचं.

खरी अडचण आली ती क्रांतीच्या लग्नाच्या वेळी. क्रांती ही एकुलती एक लेक, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. तिचं आधीचं एक स्थळ आवाजामुळे मोडलं होतं. गुंडूअण्णांनी मुलाला बाजूला घेऊन, त्यांच्या मते हळूच, 'दारूबिरू घेता का' असं विचारलं आणि मुलानं तोंड उघडायच्या आत खालच्या पानपट्टीवरून कुणीतरी 'व्हय, घेतोय' म्हणून उत्तर दिलं.

आताचं स्थळ वारणानगरचं होतं. मुलगा ऋतुराज, लॅबच्या शेजारीच त्याचं औषधांचं दुकान, आणि दोघांचं आधीच जमलेलं. त्याची आई काहीतरी निमित्त काढून लॅबमध्ये रक्त द्यायला म्हणून येऊन मुलगी पसंत करून गेली होती. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. विजयसिंह डेअरीत सुपरवायझर, कडक माणूस. त्यांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला की मुलगी चांगली आहे, पण गावभर लोळणारा माणूस व्याही म्हणून चार लोकांत कसा उभा करायचा. ते स्वतः येऊन बघणार होते. माणूस माणसासारखा दिसला तर पुढचं बोलणं, नाहीतर चहा पिऊन रामराम.

क्रांतीनं आईला एकदाच सांगितलं, "आई, मी लग्न करीन तर ह्याच्याशीच करीन. अण्णांना तेवढं एक दिवस उभं ठेव."

शालूबाईंनी नवऱ्याला समोर बसवलं आणि त्या दिवसाचे नियम सांगितले. पडायचं नाही. हात हलवायचे नाहीत. बोलायचं ते हळू, आणि मोजकं. गुंडूअण्णांना हे सगळं कबूल होतं. लेकीसाठी ते आयुष्यभर उभे राहिले असते. पण हळू बोलायचं कसं हे त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं. क्रांतीनं युक्ती सांगितली की खोलीत तान्हं बाळ निजलंय असं समजायचं. गुंडूअण्णांनी ते इतकं मनावर घेतलं की बोलायचं सोडून ते पाळणा हलवायला लागले, बाळाचं दुपटं ओलं लागलं म्हणून हात झटकला, बदललं, आणि बदलताना बाळानं मिशा धरल्या त्या सोडवत बसले. क्रांती हसून हसून जमिनीवर बसली. शालूबाईंना हसू येत होतं, पण त्यांनी ते पदरात दाबलं आणि बाळ घरातून बाहेर काढायला लावलं.

पाव्हणे यायच्या दिवशी शालूबाईंनी अमरसिंहला दुकान बंद करून बहिणीकडे जेवायला जायला सांगितलं. तो गेला, पण जाता जाता बातमी पसरवून गेला. बोळातल्यांना वाटलं घरात बाहेरच्या कुणाचं तरी शूटिंग आहे आणि म्हणून अमरसिंहला मुद्दाम लांब पाठवलंय. जिन्यात, समोरच्या गच्चीत, खिडकीच्या गजांना धरून माणसं जमली. शालूबाईंनी पडदा ओढला. वाऱ्यानं तो उडत राहिला.

विजयसिंह आले ते सफारीची घडी न मोडता. खुर्चीत बसले तरी पाठ खुर्चीला लागू दिली नाही. सोबत ऋतुराज आणि विजयसिंहांची आई, आक्का. सुरकुतलेला बारीक चेहरा, डोक्यावरून घट्ट पदर. कमी ऐकू यायचं म्हणून त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

गुंडूअण्णा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. त्यामुळे नमस्काराची पंचाईत झाली. त्यांनी नुसती मान लववली, ती इतकी की टोपी सुटली. सुटलेली टोपी हातानं धरता येत नव्हती म्हणून त्यांनी गुडघ्यानं वर उडवली आणि ती पुन्हा डोक्यावर बसली. खिडकीतून कुणीतरी खुदकन हसलं. गुंडूअण्णांनी अपराध्यासारखं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे शालूबाई उभ्या होत्या.

विजयसिंहांनी घसा खाकरून बोलायला सुरुवात केली. कुठलं गाव, शेती किती, भावकी कुठं. गुंडूअण्णा ठरल्याप्रमाणे हळू बोलले. इतकं हळू की विजयसिंह पुढे झुकले. ते झुकले म्हणून गुंडूअण्णाही झुकले. आणखी हळू बोलले. विजयसिंह आणखी झुकले. शेवटी दोघांची कपाळं टेकायला आली तेव्हा विजयसिंहांनी विचारलं की आपण बोलतोय ते तुम्हाला ऐकू येतंय ना. एवढा वेळ दाबून धरलेला आवाज गुंडूअण्णांच्या तोंडातून निसटला.

"व्हय की."

गच्चीवरची कबुतरं उडाली. विजयसिंहांच्या कपातला चहा त्यांच्या सफारीवर आला. जिन्यात हशा पिकला. शालूबाईंना वाटलं, संपलं. पण विजयसिंहांनी रुमालानं डाग टिपला, आणि बहुधा गुंडूअण्णांनाही आक्कांसारखं कमी ऐकू येतं असं समजून, अशा माणसावर रागवायचं नाही असं ठरवून, डेअरीतल्या दुधाच्या फॅटबद्दल बोलायला लागले. हा त्यांचा आवडता विषय असावा, कारण ते भिंतीकडे बघून बोलत राहिले आणि मध्ये कुणाच्या उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही.

गुंडूअण्णांचा एक हात मांडीखालून हळूच निसटला. त्यांनी शालूबाईंकडे बघून खूण केली. पाठीला ताठ बोट, खांद्यावर दोन चिमटे. दांडीवर वाळत घातलेला शर्ट.

खरं तर शालूबाईंनी डोळे वटारायला पाहिजे होते. पण ज्या हातांशी त्यांनी लग्न केलं होतं ते हात समोर बोलत होते, आणि त्यांचे स्वतःचे हातही किती वर्षांत असे बोलले नव्हते. त्यांनी बोटं चोळून उत्तर दिलं, खळ जास्त झालीया.

आक्का पदरात खोकल्या. शालूबाईंनी घाईनं पाण्याचा पेला नेऊन दिला. आक्कांनी पेला बाजूला ठेवला, सुरकुतलेले दोन्ही हात मांडीवर घेतले, आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं बोटं हलवली.

त्यो शर्ट म्याच शिवलाय.

शालूबाईंच्या बोटांनी विचारलं, तुमी ही भाषा कुठं शिकला? आक्कांनी हवेत कांडी फिरवून दाखवली. लग्नाआधी त्याही इचलकरंजीला कांड्या भरायला होत्या. ऐकू कमी यायला लागलं ते तिथेच. मग त्यांनी गुंडूअण्णांकडे बोट केलं, डाव्या तळव्यावर उजव्या हाताची दोन बोटं माणसासारखी उभी केली आणि आडवी पाडली. पड. मला बघायचंय.

गुंडूअण्णांचा चेहरा उजळला. कितीतरी वर्षांनी त्यांना समोर बसलेला, त्यांची भाषा जाणणारा प्रेक्षक मिळाला होता. शालूबाईंनी मान जोरजोरात हलवून नाही म्हटलं. आक्कांनी आतल्या खोलीकडे, मग नातवाकडे बोट केलं, हवेत दोन पदरांची गाठ मारून दाखवली, आणि पुन्हा ती दोन बोटं आडवी पाडली. आधी पडणं, मग गाठ.

शालूबाई मनात हिशेब करायला लागल्या. नवरा पडला तर बाप उठून जाणार. नाही पडला तर आजी नाही म्हणणार. ऋतुराज बिचारा तिघांचे हात बघत होता आणि त्याला वाटत होतं माशा झाल्यात, म्हणून तोही अधूनमधून हात हलवत होता.

नेमकं तेव्हा विजयसिंह फॅटवरून वळले. वळले तर त्यांची आई, होणारे व्याही आणि होणारी विहीण तिघंही हवेत बोटं नाचवत होती, आणि त्यांचा मुलगा माशा वारत होता. खुणा त्यांना कळल्या नाहीत. पण गुंडूअण्णांनी त्याच क्षणी त्यांच्या सफारीकडे बघत खांद्यावरचे चिमटे काढून दाखवले होते, आणि आपली टिंगल चाललीय एवढं कळायला भाषा लागत नाही. ते ताडकन उठले.

"चला आक्का. हितं नुसता तमाशा हाय."

आतून क्रांती पोह्यांचं ताट घेऊन येत होती. विजयसिंह रागात वळले ते थेट ताटावर. बशा उडाल्या. ओल्या पोह्यांवर त्यांचा पाय गेला, एक हात शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला धरायला गेला, खुर्चीनं साथ दिली नाही, आणि डेअरीचे सुपरवायझर जमिनीवर पाठीवर आडवे झाले. खुर्ची पोटावर, शेंगदाणे कपाळावर, कोथिंबीर मिशीत.

नेमका त्याच क्षणी वाऱ्यानं पडदा पूर्ण उडाला. खिडकीत, जिन्यात, गच्चीत सगळी माणसं होती, सगळ्यांचे फोन वर होते, आणि सगळ्यांचं हसू तोंडाच्या दारापर्यंत आलेलं होतं. विजयसिंहांनी आडवं पडल्या पडल्या ते बघितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. शाळेत चड्डी फाटलेल्या पोराचा होतो तसा.

शालूबाईंना सगळं एकदम दिसलं. आता हे लोक हसणार. या माणसावर हसणार. संध्याकाळपर्यंत वारणानगर हसणार, आणि हा माणूस पुन्हा या पेठेत पाऊल ठेवणार नाही. लेकीचं लग्न त्या हसण्याखाली गाडलं जाणार. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो दोन्ही हात पुन्हा मांडीखाली घालून परवानगीची वाट बघत बसला होता.

शालूबाईंनी डावा तळवा पुढे केला, त्यावर दोन बोटं उभी केली आणि धाडकन पाडली.

पडा.

गुंडूअण्णा उठले ते पडतच उठले. आधी पोह्यांवरून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरत गेले, जाता जाता दोरीवरची चादर अंगावर घेतली, चादरीच्या आतून मार्ग शोधत कपाटाला नमस्कार केला, फ्रिजला मिठी मारली, फ्रिज उघडला, आतलं थंड ताक अंगावर आलं तसे शहारले, उलट फिरले, विजयसिंहांच्या पोटावरची खुर्ची अलगद उचलून स्वतःच्या डोक्यात अडकवून घेतली, आणि शेवटी भाकऱ्यांच्या मोठ्या बुट्टीत पाय वर करून उलटे गेले. पाय हवेत थोडा वेळ सायकल चालवत राहिले. मग दमल्यासारखे थांबले.

बोळ फुटला. माणसं जिन्यात एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. सगळे फोन बुट्टीकडे वळले होते. आक्का पदर तोंडात घालून, डोळ्यांतून पाणी काढत, एका हातानं 'आणखी, आणखी' अशी खूण करत होत्या. विजयसिंहांकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. ऋतुराजनं हात देऊन त्यांना उठवलं, क्रांतीनं कोथिंबीर काढली, आणि ते पुन्हा खुर्चीत बसले तेव्हा बघणाऱ्याला वाटलं असतं की ते कधी उठलेच नव्हते. समोरच्या गच्चीवरून एकानं ओरडून विचारलंसुद्धा की सफारीवाल्या पाव्हण्यांचा रोल लई भारी जमला, पुढच्या भागात हायत का.

विजयसिंहांनी बुट्टीतून वर आलेल्या पायांकडे बराच वेळ बघितलं. डेअरीत दुधाची पारख करणारा माणूस तो, एवढं त्याला कळलं असावं. मग त्यांनी आईला खाली बसायची खूण केली आणि शालूबाईंना म्हणाले, "वहिनी, पोहे ऱ्हाऊ द्यात. त्यास्नी आधी भाईर काढा, रगत डोस्क्यात चढंल."

गुंडूअण्णांना दोघांनी मिळून बाहेर काढलं, एका पायाला ऋतुराज आणि दुसऱ्याला विजयसिंह. बाहेर आल्यावर त्यांनी सरळ उभं राहून पाव्हण्यांना पूर्ण आवाजात विचारलं की लागलं तर न्हाय ना. विजयसिंहांनी कानावर हात ठेवले, पण मानेनं नाही म्हणून सांगितलं.

लग्न ठरलं. देण्याघेण्याचं काही बोलणं झालं नाही. विजयसिंहांनी जाताना जिन्यात थांबून शालूबाईंना एकच अट घातली, तीही हळूच, आजूबाजूला कोणी नाही ना बघून. लग्नात मांडवातून ते अक्षता घेऊन चालत येतील तेव्हा गुंडूअण्णांनी त्यांच्या चार पावलं पुढे चालायचं. मांडवात गालिचे असतात, कुठं पाय अडकंल सांगता येत नाही. शालूबाईंनी कबूल केलं, आणि त्या दिवसापासून त्या स्वतः रोज भाकऱ्या झाल्या की घरातला गालिचा पसरून नवऱ्याला त्याच्यावरून चालवून बघतात.